शाबासकीने वसतिगृह बांधले जात नाही

मागास वस्त्यांतील मुलींनी अभियांत्रिकीकडे वळावे, असा उपदेश करण्याची अलीकडे चढाओढ लागली आहे. उद्योगपती व्याख्याने देतात, मंत्री पारितोषिके वाटतात आणि मुली आल्या नाहीत की ‘त्यांच्यात जिद्द नाही’ असे म्हणून सारे मोकळे होतात. वस्तुतः उणीव जिद्दीची नाही, साधनांची आहे.

अमेरिकेतील मेरी जॅक्सन १९५८ साली ‘नासा’तील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या. त्यासाठीचे वर्ग केवळ गोऱ्यांच्या शाळेत भरत. तेथे बसण्यासाठी त्यांना शहराच्या प्रशासनाकडे परवानगी मागावी लागली. जिद्दीचे गोडवे गाणाऱ्यांना एवढी कथा पुरते. पुढचा भाग अधिक बोलका आहे. १९७९ साली त्यांनी अभियंत्याचे पद सोडले, खालचा दर्जा पत्करला आणि स्त्रियांच्या नेमणुका व बढत्यांचे काम हाती घेतले. धीराच्या शब्दांनी दार उघडत नाही. दारावरची व्यवस्था बदलावी लागते.

नागपूरला हे परदेशातून शिकण्याची गरज नाही. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष डॉ. आंबेडकरांनी तेथे मांडला. १९४४ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. संदेशामागे पैसा उभा राहिला.

त्या शिष्यवृत्तीचे पुढे काय केले गेले? तिची उत्पन्नमर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरली. २०२१ साली नियम नव्याने लिहिले, तेव्हाही ती तीच राहिली. हिशेब साधा आहे. नवरा-बायको दोघेही रोजी ४५० रुपयांवर वर्षातून ३०० दिवस राबले, तर उत्पन्न २,७०,००० होते. म्हणजे आई कामाला गेली, की मुलीचा निर्वाहभत्ता गेला! हा स्त्रीच्या श्रमावर बसवलेला दंडच नव्हे काय?

शासन म्हणेल, शुल्क तर माफ केले! २०२४ मध्ये इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आदी गटांतील मुलींना आठ लाखांच्या उत्पन्नापर्यंत ही माफी मिळाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शुल्क माफ करताना आठ लाखांचे घर गरजू आणि भत्ता देताना पावणेतीन लाखांचे घर सधन, ही कोणती मोजपट्टी? सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात गडचिरोलीहून आलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे शुल्कमाफीतून भागत नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. उत्पन्नमर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडा. भत्ता सत्राच्या आरंभीच द्या. मुलींच्या वसतिगृहांतील जागा वाढवा. आणि जे कारखानदार व्यासपीठावरून मुलींना स्वप्ने पाहावयास सांगतात, त्यांनी आपल्या कारखान्यात मागास समाजांतील किती मुली अभियंता म्हणून नेमल्या, तो आकडा त्याच व्यासपीठावरून जाहीर करावा. तोवर त्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवण्याचे आपल्याला कारण नाही.