खुळखुळ्याची भाषा

मराठी माणसाजवळ मोटार असो वा नसो, मोटारीच्या आवाजांना लागणारे शब्द त्याच्या घरात मुबलक असतात. खडखड, खुळखुळ, टकटक, करकर, घरघर, कुईकुई! पण गॅरेजच्या दारात उभे राहिले की हा सारा शब्दसंग्रह कुठे पळतो कोण जाणे. आपण एवढेच म्हणतो, ''मिस्त्री, जरा आवाज येतोय बुवा.'' डॉक्टरांना 'जरा बरं नाही' असे सांगून गप्प बसावे, तशातला हा प्रकार.

आमची मोटार १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. माहेर इटलीतले, वाढली कुर्ल्याच्या कारखान्यात. गियरचा दांडा स्टिअरिंगलगत, त्यामुळे आजची मुले तिच्यात बसली की आधी गियर शोधतात. यंदा पावसाळा सरता सरता ती खुळखुळू लागली. एका मोठ्या गॅरेजवाल्याने तिला फाटकातूनच पाहिले आणि 'इंजिन उघडावे लागेल' असा निकाल दिला. मेहुण्यांचा निकाल त्याहून सोपा होता : ''भंगारात द्या!'' नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली, आणि भाऊबीजेला सर्वांनी कसारा घाट चढून नाशिकला जायचे ठरलेले. म्हणजे प्रश्न नुसता कानांचा नव्हता, बरे का!

शेवटी गाठले आमच्या जुन्या मिस्त्रींना. त्यांचा सारा जन्म टॅक्सींखाली गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हापासून त्यांना थोडी फुरसत आहे. ते म्हणाले, ''साहेब, आवाज कुठून येतो ते मी बघतो. तुम्ही केव्हा येतो ते सांगा.''

किती शहाणा प्रश्न! गाडी उभी असताना नुसता ॲक्सिलरेटर दाबून आवाज आला, तर संशय इंजिनावर किंवा सायलेन्सरवर. जुन्या सायलेन्सरच्या पोटातले पत्रे सुटले की तोही डब्यासारखा वाजतो. सपाट रस्त्यावर गियर काढून गाडी घरंगळू दिली आणि तरीही चाकांच्या तालावर आवाज राहिला, तर चाके, बेअरिंगे किंवा मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा. आणि खड्ड्यात गेली की वाजते, एरवी मुकी, तर मग स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, नाहीतर दारे-डिकी. आमची खड्ड्यातच वाजे. एवढ्या उत्तराने इंजिन निर्दोष सुटले!

मग झडती. डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी सारे बाहेर काढले. खुळखुळ कायम. आमच्या सौ. मागे बसल्या होत्या, त्यांनी डाव्या दारावर हात दाबून धरला आणि आवाज बंद! दाराचे अस्तर काढले तर आत काच वरखाली करणाऱ्या यंत्राचा एक सुटलेला बोल्ट, आणि सोबतीला चार आण्याचे नाणे. ते २०११ साली चलनातून गेले, आमच्या दारातून मात्र गेले नव्हते.

आम्ही हसलो. मिस्त्री हसले नाहीत. ''आता पुन्हा एक फेरी मारू,'' म्हणाले. दार गप्प झाल्यावर खड्ड्यात पुढून एक बारीक टक्... टक् ऐकू आली. इतके दिवस ती खुळखुळीखाली दडून बसली होती. गाडी उभी करून त्यांनी मला स्टिअरिंग जरा जरा डावीउजवीकडे हलवायला लावले आणि स्वतः खाली जाऊन चाकामागच्या सांध्यावर हात ठेवला. टायरॉडचा बॉल जॉइंट ढिला! तो सांधा निखळला, तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहते आणि चाक आपल्या मर्जीने चालते. कसाऱ्याच्या वळणावर हे झाले असते तर? सौ.नी ते चार आणे पदरात बांधले.

नवे सांधे पडले, चाकांचे अलाइनमेंट झाले. भाऊबीजेला निघालो. मेहुणे पुढे बसलेले, शहापूर आले तरी गाडीत कसलाही आवाज नाही. मग मागून सौ. म्हणाल्या, ''अहो, ही कुईकुई कसली?''

मेहुण्यांनीच मागे वळून विचारले, ''केव्हा येते?''