भाषा पालटताना

पायथन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली आणि जुन्या आवृत्तीत लिहिलेले पुष्कळ काम तिच्यात जसेच्या तसे चालेना. संकेतस्थळे उभारण्याचा ‘जँगो’ हा मुक्तस्रोत सांगाडा याच भाषेवर उभा आहे. जुन्या भाषेत ७ भागिले २ म्हणजे ३. नव्या भाषेत ३.५. संगणक कसलीही कुरकुर न करता निराळे उत्तर देतो, आणि हिशेबात अशी मुकी चूकच महाग पडते. ‘क’ हे एकच अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते. जुन्या भाषेची साधी अक्षरमाला त्याची लांबी ३ मोजी. देवनागरी लिहिणाऱ्यांना हा बदल सोयीचाच झाला म्हणायचा.

जँगोकारांनी घाई केली नाही. फेब्रुवारी २०१३च्या १.५ आवृत्तीत नवी भाषा प्रायोगिक म्हणून स्वीकारली, मग काही वर्षे दोन्ही भाषांत चालेल असा एकच कोड सांभाळला. डिसेंबर २०१७च्या २.० आवृत्तीने जुनी भाषा सोडली. तरी आधीच्या १.११ आवृत्तीच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या एप्रिल २०२०पर्यंत चालू राहिल्या. मागे राहिलेल्यांना दोन वर्षांहून अधिक सवड मिळाली.

तक्रारींची वही तर बँकेतल्या माणसाला ओळखीचीच वाटावी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, आणि ती खरी आहे का याची आधी छाननी. दुरुस्ती लिहिणाऱ्याने स्वतःच ती ‘समावेशास तयार’ ठरवायची नाही. दुसऱ्याने तपासली पाहिजे. व्हाउचर करणारा एक, पास करणारा दुसरा. फेटाळलेली तक्रारही पुसली जात नाही. शेऱ्यासह वहीत राहते.