कालियाच्या फण्यावर मांजर

रॉक संगीताच्या चाहत्यांना विक्षिप्त मुखपृष्ठांचे मोठे अप्रूप. परंतु १९९७ साली एरोस्मिथ या अमेरिकन बँडच्या ‘नाइन लाइव्ह्ज’ अल्बमवर झळकले ते केवळ विक्षिप्त नव्हते. कालियामर्दन करणाऱ्या श्रीकृष्णाला मांजराचे तोंड आणि स्त्रीचे वक्ष! हिंदूंनी निषेध केला, सोनी कंपनीने क्षमा मागितली. चित्राचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता, हा बँडचा खुलासा खराही असेल. पण मग विचारावेसेही का वाटू नये? ‘चित्रच तर आहे’ म्हणणाऱ्या चाहत्याने त्याच चित्रापुढे निरांजन लावणारे घर पाहिलेले नसते. १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सला विराटरूपी विष्णूच्या जागी बसविले गेले, तेव्हा निदान त्याला स्वतःला ते रुचले नव्हते. एरोस्मिथच्या नव्या मुखपृष्ठावर सर्कशीच्या चाकाला बांधलेले मांजर आले. गाणी तीच राहिली. चाहत्यांचे काहीही बिघडले नाही.