‘शिकार’ या शब्दाचा वास

अलीकडे एका परिसंवादात बाप-लेकाच्या एल्क-शिकारीवरील लेखनाची बोळवण ‘पुरुषी हिंसेचे उदात्तीकरण’ अशा तीन शब्दांत झाली आणि सभागृहाने माना डोलावल्या. आम्हांस हे मान्य नाही. घोटाळा मुळात आपल्या शब्दात आहे. ‘शिकार’ म्हटले की आपल्याला संस्थानिकांचा हाका, मचाण आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र आठवते. १९७२च्या कायद्याने तो अध्याय संपवला, हे उत्तमच झाले. पण रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्याला नुसते छायाचित्र काढून घरी जाता येत नाही. नर एल्क (त्याला ‘सांबर’ म्हणून मोकळे होऊ नये) ३०० किलोंच्या घरातला. गोळी लागल्यावर खरे काम सुरू होते. कातडे लगेच उतरवले नाही तर अंगच्याच उष्णतेने मांस नासते. मग तुकडे करून, पाठीवरून, अनेक खेपांत ते डोंगराखाली आणायचे. माँटानात खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हाच आहे. सुरी कुठे चालवायची ते बापाने दाखवावे आणि जड मांडी मुलाने उचलावी, इथे त्या नात्याचा तोल बदलतो. आपली समीक्षा मात्र बंदुकीच्या आवाजापाशीच थांबते.

हेमिंग्वेच्या १९३३च्या ‘फादर्स अँड सन्स’मध्ये एल्क नाही, पण बापाने दिलेली शिकारीची विद्या निक कृतज्ञतेने आठवतो. बाकी बाप त्याला फारसा पटलेला नाही. लेखकाच्या वडिलांनी १९२८ साली स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. त्याच्या लेखी बंदूक म्हणजे नुसते पौरुष होते, असे म्हणणाऱ्यांनी ती कथा पुन्हा वाचावी.