दुसरा रिमोट

निंटेंडोने ‘फॅमिकॉम’ हे लाल-पांढरं खेळयंत्र जपानात विकायला काढलं जुलै 1983 मध्ये. अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूच्या आमच्या गल्लीत, ते पोचलं 1998 च्या उन्हाळ्यात. तेही खरं नाहीच, त्याची नक्कल. तोवर जपानात प्लेस्टेशनलाही साडेतीन वर्षं होऊन गेली होती. पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या लेखी मारिओ कालच जन्मला होता.

यंत्र उल्हासनगरहून आलं होतं, हे वेगळं सांगायला नको. लग्नाच्या कपड्यांपासून सोफासेटपर्यंत सगळं तेव्हा ‘कॅम्पा’तून यायचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना सरकारने कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. लोकांच्या तोंडी मात्र कॅम्प एक ते कॅम्प पाच हेच राहिलं. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांनी बाजार उभा केला आणि जगातली कुठलीही वस्तू निम्म्याहून कमी पैशात करून देण्याची ख्याती मिळवली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. सांगणाऱ्याच्या आवाजात बहुधा हेटाळणी असते. मला तो ऐकला की त्या बाजाराचे आभार मानावेसे वाटतात. अस्सल यंत्र आमच्या गल्लीतल्या एकाही घराला परवडलं नसतं. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची ही भावंडं बाजारात होती म्हणून आमच्या मे महिन्याला मे महिन्याचं रूप आलं.

ते आमच्या घरी आलं नव्हतं, शेजारच्या काकूंकडे आलं होतं. काका ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, मुलगा माझ्याच वर्गात. 1 मेला झेंडावंदन झालं, निकाल हातात पडला, मुलगा बऱ्यापैकी गुणांनी पास झाला आणि ठरल्याप्रमाणे काका त्याला घेऊन कॅम्पात गेले. संध्याकाळी अख्खी गल्ली काकूंच्या बाहेरच्या खोलीत. यंत्राची वायर टीव्हीच्या मागे, अँटेनाच्या जागी खुपसायची आणि मग चॅनेलचं चाक फिरवत बसायचं, मुंग्या संपून चित्र येईपर्यंत. टीव्हीला ते भोक एकच होतं. गेम खेळायचा तर दूरदर्शन काढायचं, दूरदर्शन बघायचं तर गेम काढायचा. त्या उन्हाळ्यातली सगळी भांडणं आणि सगळे तह या एका भोकावरून झाले.

‘त्याने ट्यूब जाते’ हे मोठ्यांचं पालुपद होतं. आम्ही हसायचो, पण त्यात थोडं तथ्य होतं. जुन्या टीव्हीच्या काचेला आतून चकाकणाऱ्या पदार्थाचा थर असतो. तेच ते स्थिर चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर तेवढा थर झिजतो आणि तिथे कायमची सावली उमटते. सुट्टीतल्या दोन-चार तासांनी तसं काही होत नाही, हे काकूंना पटवायला आमच्याकडे शास्त्र नव्हतं. त्यांनी अर्ध्या तासाने टीव्हीला ‘विश्रांती’ द्यायचा नियम केला. टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून त्या ताप बघायच्या.

खेळाच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो. पिवळी, त्यावर ‘9999 इन 1’. नऊ हजार नऊशे नव्याण्णव! यादी खाली खाली जायची आणि विसाव्या-तिसाव्या खेळानंतर तेच खेळ नव्या नावाने पुन्हा यायचे. कुठे मारिओ जरा जास्त उंच उडी मारायचा, एवढाच फरक. आमच्यातल्या एका चिकट मुलाने वही घेऊन खरे खेळ किती याची मोजदाद सुरू केली होती. कॅसेट चालली नाही तर काढून फुंकर मारायची, हा मंत्र आम्हाला कुणी शिकवला कोण जाणे. जगभरची पोरं तेच करत होती. पुढे निंटेंडोनेच सांगितलं की फुंकू नका, तोंडाच्या दमटपणाने आतले धातू गंजतात. फुंकरीने काही होत नव्हतं, काढून नीट बसवल्याने चालायचं. तरीही समोर ते यंत्र आणून ठेवलंत तर मी आधी फुंकरच मारीन.

आता रिमोटविषयी. यंत्राला दोन रिमोट असत आणि ते सारखे नसत. मूळ जपानी यंत्रातच दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं दिलेली नव्हती. नक्कल करणाऱ्यांनी ती खोडही इमानाने उचलली. म्हणजे दुसरा रिमोट ज्याच्या हाती, त्याला खेळ सुरू करता येत नाही, थांबवता येत नाही. पाणी प्यायला जायचं तरी पहिल्याची परवानगी. गल्लीतल्या मुलांच्या त्या टोळक्यात मी आणि माझी बदलापूरची मावसबहीण अशा दोघीच मुली. दुसरा रिमोट कुणाच्या वाट्याला यायचा हे सांगत नाही. मारिओत दोघं खेळायचं म्हणजे पहिला मेल्यावर दुसऱ्याने खेळायचं. पहिला चांगला खेळणारा असेल तर दुसरा, म्हणजे लुइजी, म्हणजे मी, नुसती बसून.

हिशेब चुकता झाला तो काँट्राने. काँट्रात दोघं एकाच वेळी खेळतात. तिसरी स्टेज धबधब्याची. दोघांनी दगडांवरून वर वर चढायचं, आणि चित्र वर सरकतं ते पुढच्याच्या चालीने. पुढचा घाईने चढला की मागचा पडद्याच्या खालच्या कडेत जाऊन मरतो. शत्रूची गोळी लागायलाच नको. वर त्यात अशी सोय की एकाच्या लाइफ संपल्या तर तो दुसऱ्याच्या शिलकीतून उचलून खेळू शकतो. म्हणजे घाई करून जोडीदाराला मारलंत तर तो येऊन तुमचंच खातो. या धबधब्यावर आमच्या गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी क्रिकेटमध्ये झाली नसतील. ‘थांब ना रे, मी खाली आहे!’ ही आरोळी दुपारभर ऐकू यायची. काही दिवसांनी मुलं खरोखर थांबायला लागली. थांबल्याशिवाय चौथी स्टेज दिसत नव्हती.

काँट्रात लाइफ फक्त तीन. मग कुणीतरी कुठूनतरी बातमी आणली की सुरुवातीला वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए असं दाबलं की तीस मिळतात. ही चावी काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने ‘ग्रॅडियस’ नावाच्या खेळासाठी केली होती, 1986 च्या सुमारास. खेळ तपासताना तो त्यालाच जमेना, म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी चोरवाट ठेवली आणि बाजारात जाण्यापूर्वी ती काढायची राहून गेली. कोनामी कंपनीने मग ती पुढच्या खेळांतही ठेवली. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत वारले. इंटरनेट नसताना, इंग्रजी मासिकं न वाचणाऱ्या आमच्या गल्लीत त्यांची ही चावी कशी आली याचं मला आजही नवल वाटतं. आमच्याकडे ती बदलापूरच्या मावसबहिणीने आणली. तिला शाळेतल्या एकाने सांगितलं होतं, त्याला उल्हासनगरच्या मामेभावाने. ती चावी आणली तेव्हापासून त्या टोळक्यात तिला पहिला रिमोट मिळू लागला. वीरकथा म्हणावी अशी ही एकच घटना आमच्या घराण्यात घडली आहे.

यंत्राला स्मरणशक्ती अजिबात नव्हती. मारिओत आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे. एकतिसाव्या टप्प्यावर लाइट गेली की परत पहिल्यापासून. आणि मे महिन्यात लाइट जायचीच. दुपारी पंखा बंद, पत्रे तापलेले. मग सगळी वरात शिवमंदिरात. त्या काळ्या दगडात भर उन्हातही गारवा असतो. शिलालेखावर शके 982 आहे, म्हणजे 1060 साल. शिलाहारांच्या छित्तराजाने बांधायला घेतलं, मुम्मुणीच्या काळात पुरं झालं. एकाचा डाव दुसऱ्याने संपवला म्हणायचा. इथला गाभारा सभामंडपाच्या खाली, वीसेक पायऱ्या उतरून, आणि वर शिखर उघडं, त्यामुळे पिंडीजवळून मान वर केली की थेट आकाश. दहा-अकरा वर्षांच्या पोरांना ते यानाच्या आतून बाहेर बघितल्यासारखं वाटलं नाही तरच नवल. पुजारी आम्हाला हाकलायचे, आणि ते बरोबरच होतं. मग मागच्या बाजूला, वालधुनीच्या काठावर. नदीचा वास तेव्हाही यायचा. भिंतीवरच्या मूर्तींत परग्रहावरचा कोण आणि पृथ्वीवरचा कोण यावर तिथे वाद चालत.

यानाचं खूळ टीव्हीचं. त्याच वर्षी दूरदर्शनवर केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार, त्यांना सूर्यमालेत शोधत हिंडणारा कॅप्टन, आणि आपल्या मालिकेत प्रथमच एवढं संगणकावर काढलेलं अवकाश. आज पाहिलं तर ते अवकाश कार्डबोर्डाचं वाटतं. तेव्हा मात्र आम्ही मुकाट्याने गेमची वायर काढून अँटेना लावायचो. कॅप्टन झाला होता मिलिंद सोमण. काकूंच्या सासूबाईंना आम्ही सगळे आजी म्हणायचो. त्यांनी एकदा चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, “हे चांदीचे कपडे घालून हिंडणारं पोर आपल्या सोमणांचं ना गं? बरी नोकरी धरायची सोडून हे काय!” त्यांना शक्तिमान पसंत होता. एक तर तो योगसाधनेने शक्तिमान झालेला, दुसरं म्हणजे शेवटी मुलांना चार बऱ्या गोष्टी सांगायचा. आम्हाला त्यातला डॉक्टर जॅकाल आवडायचा, कारण प्रयोगशाळा त्याच्याकडे होती. काका यातलं काहीच मानायचे नाहीत. त्यांच्या तरुणपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेवढंच खरं, बाकी सगळी पोरखेळाची भातुकली.

याच मे महिन्यात 11 आणि 13 तारखेला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. बातम्यांसाठी गेम बंद झाला म्हणून आम्ही चिडलो होतो, एवढंच मला आठवतं.

लाइट गेलेल्या दुपारी मावसबहीण वाचनालयातून आणलेलं जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ मोठ्याने वाचायची. मला पुढे कळलं की 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही गोष्ट ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे खोटं नाव. पहिलं बक्षीस त्याच जगतापांना मिळालं. मराठी विज्ञानकथेत असा मोठा माणूस टोपणनावाने शिरला, आणि आमच्या गल्लीत जपानी खेळ खोट्या खोक्यातून. माझ्या मनात दोन्ही एकाच फळीवर आहेत. 2025 च्या 20 मेला, ऐन सुट्टीत, नारळीकर गेले.

हे सगळं वाचून कुणी विचारील, मग याचा पुढे उपयोग काय झाला? असल्या लेखांत इथे एक परिच्छेद येतो: एकाग्रता वाढली, संघभावना आली, हाताचा आणि डोळ्याचा मेळ बसला. मला अजून एका दमात सुईत दोरा ओवता येत नाही. त्या टोळक्यातला कुणी शास्त्रज्ञ झालेला नाही. खेळांची मोजदाद करणारा बँकेत आहे, तेवढं एक जुळतं. मजा आली. भरपूर आली. सुट्टीला आणखी काही सिद्ध करायला लावू नये असं माझं ठाम मत आहे.

आता परिस्थिती बदलली आहे हे मलाही दिसतं. खिशातल्या फोनवरचा खेळ संपतच नाही, तो तसाच बनवलेला असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली संसदेने कायदा करून बंदी आणली, ते चांगलं झालं. तो जुगार होता, त्याला खेळ म्हणणंच चूक. पण पालकांचा राग सगळ्याच पडद्यांवर निघतो आणि उपाय म्हणून मे महिना शिबिरांनी भरतो: सकाळी पोहणं, अकराला रोबोटिक्स, चारला वैदिक गणित. शिवमंदिर भागात आता मोठमोठी संकुलं उभी आहेत. प्रत्येक घरात टीव्ही आमच्या काकूंच्या टीव्हीच्या चौपट. पण बाहेरच्या खोलीत शेजारची सहा पोरं जमिनीवर बसलेली मला फारशी दिसत नाहीत. खेळ कुठला यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. मुलं एकेकटी खेळतात, कानात बोंडं घालून; जोडीदार असलाच तर तो हैदराबादला असतो, आणि तो चिडून निघून गेला तर त्याच्या घरी जाऊन समजूत घालता येत नाही.

तेव्हा येत्या मेमध्ये शिबिरात घालायचं असेल तर खुशाल घाला, पण निदान दोन आठवडे रिकामे सोडा. गेम घेणार असाल तर मोबाइलवरचा नको, टीव्हीला जोडायचा घ्या आणि दोन रिमोटांचा घ्या. दार उघडं ठेवा. पाचव्या मिनिटाला शेजारची पोरं येतील. त्यांना पन्हं द्या आणि भांडू द्या. हल्लीच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण असतं, हे मी दुकानात जाऊन पाहून आले आहे.