आधी निदान, मग दुरुस्ती

यंत्र बिघडले की दोष शोधण्याच्या खटपटीत न पडता सुटा भाग बदलून मोकळे व्हावे, अशी रीत सर्वत्र रूढ होत चालली आहे. ही रीत आम्हांस मान्य नाही. ती का मान्य नाही, हे जुन्या मोटारसायकलीच्या क्लचच्या उदाहरणाने सांगतो.

इंग्लंडातील रॉयल एनफील्ड कंपनीची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासेत जुळविली जाऊ लागली. त्या जुन्या घडणीच्या गाड्या अद्यापि रस्त्यावर दिसतात. त्यांच्या क्लचमध्ये घर्षणाच्या व साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक बसविलेल्या असून स्प्रिंगा त्यांस दाबून धरतात. मुठीजवळचा दांडा ओढला की केबल आणि पोकळ शाफ्टातून जाणारी सळई यांच्या योगे वरची दाबप्लेट उचलली जाते, प्लेटा सुट्या होतात आणि इंजिनाचा गिअरशी संबंध तुटतो. तो पुरता तुटला नाही, तर गिअर टाकताना खडखडाट होतो, न्यूट्रल सापडत नाही आणि दांडा आवळलेला असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. चौकात पुढून माणसे जात असता असे होणे धोक्याचे आहे.

अशा वेळी पुष्कळ जण नव्या प्लेटांचा संच आणवितात. वेळ वाचतो, हे त्यांचे म्हणणे वरकरणी खरे वाटते. परंतु दोष प्लेटांत नसला तर? केबल सैल झाली असेल, तर दांड्याची बरीचशी ओढ तो ढिलेपणा काढण्यातच खर्च होते. दांड्यापाशी २ ते ३ मिलिमीटर मोकळीक ठेवली की काम भागते. त्याला एक पान्हा पुरे. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर तेलाच्या चिकटपणाने प्लेटा एकमेकींस धरून बसतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी दांडा आवळून चार-सहा किका मारल्या, तर त्या बहुधा सुटतात.

एवढ्याने भागले नाही, तरच क्लच उघडावा. दाबप्लेट एका बाजूने कमी उचलली जात असेल, तर स्प्रिंगांची लांबी मोजावी. पोलादी प्लेटा सपाट काचेवर ठेवून वाकल्या आहेत काय ते पाहावे. सरतेशेवटी ड्रमच्या खाचांवरून बोट फिरवावे. प्लेटांचे दाते आपटून तेथे खड्डे पडले असतील, तर प्लेटा त्यांत अडकतात व मोकळ्या होत नाहीत. खड्डे उथळ असल्यास कानशीने बेताने सारखे करता येतात. खोल असल्यास ड्रमच बदलावा लागतो. खड्डे तसेच ठेवून नव्या प्लेटा घातल्या, तर त्याही तेथेच अडकणार. पैसा जातो आणि दोष राहतो.

जो मिस्त्री हा क्रम सोडीत नाही, त्याची विद्या पुस्तकी विद्येहून कमी प्रतीची मानणे अन्यायाचे आहे. सोप्या कारणापासून आरंभ करावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहून पुढे जावे, हीच शिस्त प्रयोगशाळेत आपणांस शिकविली जाते. ती मिस्त्रीच्या दुकानात तेलकट हातांनी पाळली जाते, एवढाच भेद. विद्यार्थिमित्रांनी सुटीतील काही दिवस अशा दुकानात घालवावे आणि पालकांनी त्यास आडकाठी करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जुनी यंत्रे जाणणारे हात आता विरळ होत आहेत. ते आहेत तोवर त्यांच्यापासून शिकून घेतले पाहिजे.