चौकशीचा कागद घरी आला पाहिजे

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लष्करी हेलिकॉप्टरांचे सरावातील अपघात, त्यांची चौकशी आणि मृतांच्या कुटुंबीयांचे हक्क

महोदय,

आमची संघटना नाशिकची. इथे गांधीनगरला सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात, त्यामुळे डोक्यावरून जाणाऱ्या पंख्यांचा आवाज इथल्या घरांच्या अंगवळणी पडला आहे. आमच्यात निवृत्त वैमानिक आहेत, उमेदीची वर्षे हँगरमध्ये घालवलेले मेकॅनिक आहेत आणि ज्यांच्या घरचा माणूस सकाळी सॉर्टीला गेला तो परत आलाच नाही, अशीही माणसे आहेत. हे मागणीपत्र मुख्यतः त्यांच्या आग्रहावरून लिहिले आहे.

३ ऑगस्ट २०२१ रोजी पठाणकोट भागातून सरावासाठी निघालेले ‘रुद्र’ हेलिकॉप्टर रणजित सागर धरणाच्या जलाशयात कोसळले. आत दोन वैमानिक होते, एक लेफ्टनंट कर्नल आणि एक कॅप्टन. एकाचा मृतदेह १५ ऑगस्टला मिळाला. दुसऱ्याचा मिळायला १७ ऑक्टोबर उजाडला. खोल, गढूळ पाण्यात पाणबुड्यांनी नेटाने शोध घेतला, त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण ते पंचाहत्तर दिवस त्या घराने कसे काढले असतील? अंत्यसंस्कार नाहीत, दिवसकार्य नाही, फोन वाजला की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. याच काळात, २१ सप्टेंबरला, जम्मूतील पत्नीटॉपजवळ सरावावरचे ‘चीता’ पडले आणि दोन मेजर गेले. पहिल्या अपघातातला दुसरा वैमानिक तेव्हा अजून पाण्याखालीच होता.

सराव म्हणजे लढाईची तयारी. त्यात धोका असतो, हे आमच्या घरांना कोणी शिकवायला नको. आमचे म्हणणे धोक्याबद्दल नाही, त्यानंतर जे होते आणि जे होत नाही त्याबद्दल आहे.

आमच्या एका भगिनीला पतीचे सामान परत मिळाले ते एका खोक्यात. मनगटी घड्याळ, हेल्मेटची पिशवी, कडा दुमडलेली वही. सोबत यादी होती आणि प्रत्येक वस्तूपुढे सहीची जागा. तिने सगळीकडे सह्या केल्या. अपघात का झाला, हे सांगणारा एकही कागद तिला आजवर मिळालेला नाही. मुलगा आता मोठा झाला आहे आणि विचारतो, ‘बाबांची चूक होती का?’ या प्रश्नाला ती काय उत्तर देणार?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी : कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे लष्करी चौकशीचा, निष्कर्ष कुटुंबाला ठराविक मुदतीत, लेखी आणि त्यांना वाचता येईल अशा भाषेत मिळावा. गोपनीय भाग काढून टाका, त्याला आमची हरकत नाही. इंजिनाचे काय झाले, हवामान कसे होते, शेवटचे संभाषण काय झाले, हे सांगण्याने देशाची गुपिते फुटत नाहीत. नागरी विमानांच्या अपघातांसाठी २०१२ पासून स्वतंत्र तपास ब्युरो आहे आणि त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. सैन्यातही जे दल ते हेलिकॉप्टर उडवते, त्याच्या हाताखाली नसलेली तपास यंत्रणा हवी.

‘मानवी चूक’ हा शेरा मेलेल्या माणसावर मारणे फार सोपे असते, कारण तो उलट बोलू शकत नाही. ब्रिटनमध्ये २ जून १९९४ रोजी मल ऑफ किन्टायर येथे चिनूक हेलिकॉप्टर डोंगरावर आदळून २९ जण गेले. चौकशी मंडळाने वैमानिकांना दोषी धरले नव्हते, तरी वरिष्ठांनी दोघा वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. तो पुसायला २०११ साल उजाडले. सरकारने कुटुंबीयांची माफी मागितली, पण ठपक्याखाली गेलेली सोळा वर्षे कोणी परत दिली नाहीत. आपल्याकडे ठपका ठेवण्याआधी मृत वैमानिकाची बाजू मांडायला एक अनुभवी वैमानिक नेमला जावा आणि कुटुंबाला त्याच्याशी बोलता यावे, ही आमची दुसरी मागणी आहे.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हेलिकॉप्टरचे इंजिन आणि पंखे वर असतात, म्हणून पाण्यात पडले की ते बहुधा उलटे होते. आतल्या माणसाला अंधारात, डोके खाली असताना पट्टा सोडून दार शोधावे लागते. हे फक्त सरावानेच जमते. ज्या तुकड्या धरण, नदी किंवा समुद्रावरून उडतात, त्यांतील प्रत्येकाला हे प्रशिक्षण सक्तीचे करावे. प्रत्येक यंत्रावर पाण्याखालून संकेत देणारे बीकन बसवावे. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ बचावकार्याला गेलेले तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ समुद्रात पडले, त्यातील एका वैमानिकाचा मृतदेह १० ऑक्टोबरला हाती लागला. म्हणजे पुन्हा तेच झाले.

त्यानंतर ५ जानेवारी २०२५ रोजी त्याच पोरबंदरला दुसरे ‘ध्रुव’ सरावात कोसळले आणि तिघे गेले. सगळा ताफा जमिनीवर आणून स्वॅशप्लेटची तपासणी झाली. वैमानिक हातातला दांडा हलवतो तो इशारा याच भागातून पंख्यांपर्यंत पोहोचतो. तो तुटला तर कितीही कसलेला वैमानिक असला तरी त्याच्या हाती काही उरत नाही. उड्डाणे पुन्हा सुरू करताना नेमका काय दोष सापडला आणि काय बदलले, हे त्या यंत्रात बसणाऱ्या प्रत्येकाला लेखी सांगितले जावे.

‘चीता’ आणि ‘चेतक’ यांची मुळे फ्रान्समधल्या जुन्या आराखड्यांत आहेत. एकच इंजिन, जमीन जवळ आल्याची सूचना देणारे यंत्र नाही, हवामानाचा रडार नाही. त्यांच्या जागी १९७ नवी हेलिकॉप्टरे घेण्याची निविदा २००७ मध्ये रद्द झाली आणि नंतरची २०१४ मध्ये. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बरेलीत ‘चीता’ पडून तीन अधिकारी गेले. २०१५ मध्ये अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे ही यंत्रे थांबवण्याची मागणी केली होती. त्यांची जागा घेणारे देशी हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले, तुमकुरूचा कारखाना २०२३ मध्ये सुरू झाला. कोणत्या तुकडीतले ‘चीता’ कोणत्या वर्षी निघणार, याचे तारीखवार वेळापत्रक संसदेपुढे ठेवावे. सियाचेनला याच यंत्राने किती जीव वाचवले हे आमच्यातल्या जुन्या वैमानिकांना तोंडपाठ आहे. त्यांनीच ही मागणी लिहायला लावली.

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो मांडायला आम्हाला संकोच वाटत नाही. शत्रूच्या गोळीने गेलेल्या सैनिकाच्या पत्नीला शेवटच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सरावात गेलेल्याच्या पत्नीला विशेष निवृत्तिवेतन मिळते, ते ६० टक्के. हुकूम दोघांनाही वरूनच आलेला असतो. लष्करी उड्डाणातील प्रत्येक मृत्यूला पहिला नियम लागू करावा आणि तो मागील तारखेपासून करावा.

या मागण्यांवर चर्चेसाठी भेटीची वेळ द्यावी. आमच्याबरोबर दोन आया येतील, दोघींनाही इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून आपले उत्तर लेखी आणि मराठीत असावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेच्या सर्व सभासदांच्या वतीने
नाशिक